कंदिलातले तेल संपायलाच हवे होते

रविवारी संध्याकाळी जुळे सोलापुरात दादाच्या घरी त्या नव्या कार्टून मालिकेचा पहिला भाग पाहिला आणि तेव्हापासून माझा संताप उतरलेला नाही. मालिकेचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहून तिला आणखी चार प्रेक्षक मिळवून देण्याची माझी इच्छा नाही. ज्या गेमवरून ती काढली आहे, तो गेम माझ्या भाचीने, पाचवीतल्या मुलीने, मे महिन्याच्या सुट्टीत बाहेर रस्ते भाजून निघत असताना पंख्याखाली बसून, हरत, चिडत, पुन्हा सुरुवातीपासून खेळत पूर्ण केला होता. त्या गेमचा नायक शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही. हातात कंदील, समोर अंधारी भुयारे आणि कंदिलात मोजके तेल. कोणती वाट धरायची, कुठे कंदील मालवून चाचपडत पुढे सरकायचे आणि कुठे उरलेले तेल जाळून टाकायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सगळा गेम त्या तेलावर उभा आहे.

मालिकेत तेल संपतच नाही. कंदील पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत लग्नाच्या मांडवासारखा लखलखत राहतो, भुयारे जांभळ्या-गुलाबी रंगांत उजळून निघतात आणि ज्या अंधाराला घाबरून माझी भाची माझ्या दंडाला घट्ट धरून बसायची, तो अंधार कुणीतरी कचऱ्यासारखा झाडून टाकलेला दिसतो. पाच मिनिटेही झाली नसतील, तेवढ्यात तिने विचारले, "आत्या, ह्याचं तेल संपत कसं नाही गं?" एवढी माणसे महिनोन्महिने बसून मालिका लिहितात, चित्रे काढतात, संगीत देतात, पैसे मोजतात आणि पाचवीतल्या मुलीला सुचलेला हा पहिला प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडू नये, याचा अर्थ त्यांनी तो गेम खेळलेलाच नाही किंवा खेळूनही त्यांना तो समजलेला नाही.

आणि नायक बोलतो. चालताना बोलतो, पळताना बोलतो, घाबरल्यावर आपण घाबरलो आहोत असे सांगतो, दार दिसल्यावर दार दिसले असे सांगतो. त्याच्या खांद्यावर एक बोलकी खार आणून बसवली आहे, जी दर वाक्याला पादते किंवा ढेकर देते. आपल्या जगातला एक शाळकरी मुलगा टीव्हीच्या पडद्यातून त्या भुयारात पडतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट त्याला, आणि पर्यायाने आपल्याला, समजावून सांगता येते. हिंदी डबिंग करणाऱ्यांनी तर मूळ चित्रात जिथे चुकून दोन क्षणांची शांतता उरली होती, तिथेही "अरे बाप रे, अब क्या होगा" भरून टाकले आहे. शांतता दिसली की या लोकांना धडकी का भरते? ज्या मुलीने तासन्तास केवळ पावलांच्या आवाजावरून शत्रू डावीकडे आहे की उजवीकडे हे ओळखले, तिला "वो देखो, दुश्मन!" असे ओरडून सांगण्याची गरज आहे, असे यांना वाटते.

मी चित्रकला शिकवते, म्हणून नायकाच्या चेहऱ्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. एक भुवई वर, ओठांचा एक कोपरा तिरका, आणि आपण फार हुशार असल्याचा भाव. गेल्या कित्येक वर्षांत कोणत्याही कार्टूनच्या पोस्टरवर हाच चेहरा आहे; मग तो माणूस असो, प्राणी असो वा मोटारगाडी. गेममधल्या त्या मुलाला तोंडही काढलेले नव्हते. दोन ठिपक्यांचे डोळे आणि वाकलेले खांदे एवढ्यावर त्याचा थकवा, भीती आणि हट्ट दिसत असे. थोड्या रेषांत जास्त सांगणे किती अवघड असते, हे मी दरवर्षी मुलांना पोटतिडकीने शिकवते. इथे तर ते काम कुणीतरी आधीच उत्तम करून ठेवले होते, आणि यांनी ते पुसून त्यावर भुवई चढवली.

तरीही हे सगळे गिळले असते. भाग संपला आणि पडद्यावर क्यूआर कोड आला. तो स्कॅन करा, पैसे भरा आणि मालिकेतल्या नायकाची नवी टोपी गेममध्ये मिळवा. नायक स्वतः बोट दाखवून, भुवई उडवून, मुलांना "जल्दी करो, दोस्तों" म्हणत होता. भाचीने दादाचा मोबाइल मागितला, दादाने नाही म्हटले, ती रुसली, वहिनी वैतागली आणि रविवारची संध्याकाळ एका टोपीपायी नासली. अमेरिकेने १९९० साली कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना मर्यादा घातली होती, शनिवार-रविवारी तासाला १०.५ मिनिटे आणि इतर दिवशी १२ मिनिटे. कार्यक्रमातल्या पात्राने त्याच कार्यक्रमात माल विकू नये, असा दंडकही तिथे होता. आपल्याकडे मोबाइलवर आणि टीव्हीवरच्या अॅपवर लहान मुलांना काय विकले जाते, हे विचारायला कोण बसले आहे? गड्ड्याच्या यात्रेत निळ्या कानांचा नकली पिकाचू मिळतो, पण तो विकणारा निदान गोष्ट सांगण्याच्या नावाखाली मुलांना जवळ बोलावत नाही.

हा रोग नवा नाही, म्हणून राग जास्त आहे. १९८२ साली पॅक-मॅन या भुलभुलैयाच्या गेमवर अमेरिकेत कार्टून मालिका निघाली, ती व्हिडिओ गेमवरून निघालेली पहिली मालिका. १९८०च्या मूळ गेममध्ये चार भुते आहेत आणि चारही भुतांची चाल निराळी आहे: लाल भूत थेट तुमच्या मागे लागते, गुलाबी तुमच्या पुढची जागा हेरून आडवे येते, निळ्याची चाल लाल भूत कुठे आहे यावरही ठरते आणि नारिंगी जवळ येऊन पुन्हा पळ काढते. चार ठिपक्यांना केवळ चालीतून स्वभाव देणारी ती करामत आहे, आणि वर्षानुवर्षे तो गेम खेळणाऱ्या मुलांना ती बोटांच्या टोकांवर पाठ होती. मालिकेने काय केले? पॅक-मॅनला टोपी घातली, बायको दिली, बाळ दिले, कुत्रा आणि मांजर दिले, आणि भुतांना एका खलनायकाचे हुकुमाचे ताबेदार करून टाकले. १९८९ साली झेल्डा या गेमवरच्या मालिकेच्या १३ भागांत त्याचा नायक लिंक याचे तेच झाले. गेममधला लिंक बोलत नाही, म्हणून खेळणारा स्वतःला त्याच्या जागी ठेवू शकतो. मालिकेतला लिंक राजकन्येकडे चुंबन मागत फिरतो आणि नकार मिळाला की कुरकुरतो. हे मी मोठेपणी संगणकावर पाहिले आणि तेव्हाही इतकीच चिडले होते.

सॉनिक या दुसऱ्या एका गेमच्या नायकाचे दुःख वेगळे आहे. १९९३च्या सप्टेंबरात त्याच्या दोन मालिका एकाच वेळी सुरू झाल्या, एक निव्वळ धांगडधिंग्याची आणि दुसरी गंभीर, जिच्यात यंत्रांनी गिळलेले शहर होते आणि हरण्याची खरी भीती होती. त्या गंभीर मालिकेने मुलांना मान दिला, म्हणून की काय, ती २६ भागांनंतर बंद करण्यात आली. शेवटच्या भागात अंधारात लाल डोळे चमकतात आणि ते कुणाचे, हे मालिकेने कधीच सांगितले नाही.

आणि मुस्तफा! नव्या पेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दादा नाण्यामागून नाणे त्या यंत्रात टाकायचा आणि मी त्याच्या मागे उभी राहून पाहायची, कारण मुलींना तिथे कुणी खेळू देत नसे. तो राग आजही आहे. गेमचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे सोलापुरात कुणाला ठाऊक होते? पिवळ्या टोपीचा, वेगाने धावून लाथ मारणारा मुस्तफा म्हणजेच तो गेम. मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवरून १९९३ साली गेमही आला आणि कार्टून मालिकाही, पण मालिकेत मुस्तफा नायकाचा मदतनीस आहे. मुलांनी ज्याला नाणी मोजून नायक केले, त्याच्याकडे मालिका करणाऱ्यांनी मान वळवूनही पाहिले नाही.

हे जमतच नाही असे कुणी सांगू नये. पोकेमॉनचा गेम जपानमध्ये १९९६च्या फेब्रुवारीत आला आणि मालिका १९९७च्या एप्रिलमध्ये. त्या मालिकेनेही नियम वाकवले. विजेचा ज्याच्यावर काहीच परिणाम होऊ नये त्या दगडी ऑनिक्सला विजेचे झटके देणाऱ्या पिकाचूसमोर दुबळा करण्यासाठी छतातून पाण्याचे फवारे सोडले आणि गेम खेळणारी मुले ओरडली. पण तिने सर्वांत मोठा नियम पाळला: तिचा नायक अॅश हरतो. कांतो प्रदेशाच्या लीगमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेत, हरतो, जोहतोत हरतो, होएनमध्ये हरतो, सिन्नोहमध्ये हरतो, आणि पुन्हा पिशवी खांद्यावर टाकून चालू लागतो. अलोलाची लीग जिंकायला त्याला २०१९ साल उजाडावे लागले. गेम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची हीच कथा असते. जपानमधली २००१ची, किर्बी या गेमवरची मालिका पाहा. १०० भाग झाले, आणि नायक "पोयो" यापलीकडे जवळजवळ काही बोलला नाही. गेमचा जनक मासाहिरो साकुराई त्या कामात स्वतः होता. फिनलंडच्या अँग्री बर्ड्सची मालिका २०१३ साली आली, जेमतेम तीन मिनिटांचे भाग, त्यात संवादच नाहीत, आणि ते गेममधूनच मोबाइलवर दिसायचे. तेव्हा आम्ही अशोक चौकाजवळ राहत होतो. शेजारच्या पद्मशाली आजी तेलुगूत विचार करणार, आमची पोरे मराठीत, वरच्या मजल्यावरची मुले कन्नडमध्ये, पण डुकराच्या डोक्यावर दगड पडला की सगळे एकाच क्षणी हसायचे. ते पाहिलेल्या माणसाला मुलांना सतत बोलणारे पात्र लागते असे सांगायला येऊ नका.

खरे दुखणे पैशांत आणि मानात आहे. कॅनडातल्या मोल्डनहावर बंधूंनी घरे गहाण ठेवून कपहेड हा गेम केला, १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखे एकेक चित्र हाताने कागदावर काढून तो २०१७ साली आणला, आणि तो इतका अवघड केला की थोरामोठ्यांना घाम फुटला. सैतानाच्या कर्जदारांकडून वसुली करण्याची त्यातली फरफट २०२२च्या मालिकेत मागे पडली आणि उरली ती धावपळ आणि थट्टा. याच्या एक वर्ष आधी, २०२१ साली, लीग ऑफ लेजेंड्स या गेमवरून मोठ्यांसाठी आर्केन ही मालिका आली. फ्रान्समधल्या फोर्टिश स्टुडिओने तिची प्रत्येक चौकट रंगवलेल्या चित्रासारखी केली, पात्रांना मरू दिले, चुकू दिले, आणि तिला एमी पुरस्कारही मिळाला. मग तेवढी मेहनत मुलांच्या वाट्याला का येत नाही? "मुलांना काय कळतंय" हे वाक्य मी शाळेत, नातेवाइकांत, दुकानात आयुष्यभर ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मुलांनाच कळते. कोणत्या वळणावर तेल वाचवायचे, कोणत्या भुताची चाल कशी, कोणत्या शत्रूचा कोणता क्षण गाफील, हे त्यांनी स्वतःच्या पराभवातून शिकलेले असते, आणि त्या बाबतीत ती कोणत्याही लेखकापेक्षा जास्त जाणकार असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एखाद्या गेमची मालिका करायची असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी तो गेम पूर्ण केलेल्या मुलांना समोर बसवा, सोलापुरात या, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हवी ती भाषा बोलणारी मुले इथे एकाच गल्लीत भेटतील. त्यांना आवडते पात्र कोणते, असे विचारू नका, कारण ते उत्तर घेऊन तुम्ही पुन्हा टोप्याच विकाल. तुम्ही कुठे हरलात, किती वेळा हरलात आणि तरी पुन्हा का खेळलात, हे विचारा, आणि ती सांगत असताना मध्ये एक शब्दही बोलू नका.