एक स्टार देणाऱ्या पालकांस: पिस्तुलाची पॉवर आम्ही वाढवली का नाही

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं: मुलीचं सेकंडहँड मॅच एअर पिस्तूल (स्पर्धेचं, दाबलेल्या हवेवर चालणारं) पॉवर वाढवण्यासाठी आमच्याकडे दिलं, आम्ही उलट सेकंदाला 165 मीटरचा वेग 148 वर आणला, ट्रिगर जड केला, पार्टसाठी थांबायला लावलं, बिल घेतलं, आणि आता गोळ्या खाली लागतात. वेग आम्हीच कमी केला. काम सुरू करण्याआधी फोनवर तुम्हाला तसं सांगितलं होतं, स्लिपवर आकडे लिहूनही दिले होते. तेच पिस्तूल उद्या पुन्हा आलं तरी आम्ही हेच करू. बालेवाडीला सरावाला येणाऱ्या मुलांचे बरेच पालक आमच्याकडे हीच मागणी घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते पिस्तूल 165 वर चालतच नव्हतं. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) लावलं तेव्हा लागोपाठच्या गोळ्यांचा वेग एक, आणि मिनिटभर थांबून मारलेल्या गोळीचा वेग वेगळाच. सगळ्यात मंद आणि सगळ्यात वेगवान गोळीत सेकंदाला 12 मीटरचा फरक होता. रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाचं, सील थकलं की असं होतं: सिलिंडरमधली हवा हळूहळू पुढे झिरपत राहते, थांबाल तितका पुढचा दाब बदलतो. आणि 10 मीटरच्या नेमबाजीत खेळाडू दोन गोळ्यांमध्ये थांबतोच. हात खाली घेतो, श्वास घेतो, पुन्हा उचलतो. आधी कुणीतरी हे दुखणं झाकायला हॅमर स्प्रिंगचा (हवेचा व्हॉल्व्ह ठोकून उघडणाऱ्या हातोडीच्या स्प्रिंगचा) स्क्रू आवळून ठेवला होता. त्यानं सरासरी आकडा वर गेला, विस्कळीतपणा तसाच राहिला. वर प्रत्येक गोळीला जास्त हवा खर्च, नळीची उसळी जास्त आणि व्हॉल्व्हला विनाकारण मार.

आम्ही सील आणि ओ-रिंग बदलल्या, स्क्रू कंपनीच्या मर्यादेत परत आणला, आणि मुलगी वापरते त्याच पेलेट्सवर (एअर पिस्तुलाच्या गोळ्यांवर) वेग जुळवला. पिस्तूल तुमच्या हातात दिलं तेव्हा गोळ्यांमधला फरक सेकंदाला 2 ते 3 मीटरच्या आत होता. या कामात 148 या आकड्यापेक्षा हा फरक कमी होणं महत्त्वाचं होतं. चांगली मॅच पिस्तुलं साधारण 140 ते 160 च्या दरम्यानच चालवली जातात. कागदाला भोक पाडायला तेवढं भरपूर आहे.

आता गोळी खाली लागते त्याबद्दल. 165 च्या वेगानं 10 मीटर गाठेपर्यंत गोळी साधारण 18 मिलीमीटर खाली येते, 148 ला सुमारे 22. म्हणजे फरक जेमतेम 4 मिलीमीटरचा, अर्ध्या वलयाचा. त्यात नळीची उसळी बदलल्याचा परिणाम धरा. हे सगळं मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) काही क्लिक फिरवून पाच मिनिटांत जुळतं. वेग कुठल्याही दिशेला बदलला तरी साइट नव्यानं जुळवावी लागते, हे स्लिपवर सगळ्यात वर लिहिलं आहे. मुलगी जुन्याच साइटवर मारत असेल तर गोळी खालीच जाणार.

गोळी नळीतून लवकर बाहेर पडली तर हात हलायला वेळ मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. हा मुद्दा चुकीचा नाही, म्हणून त्याचा हिशेबही मांडतो. गोळी नळीत ढोबळमानानं 3 मिलीसेकंद असते. 148 ऐवजी 165 केलं तर त्यातला दशांश भाग वाचतो. त्याच्या बदल्यात उसळी वाढते, आणि वाढलेली उसळी बघून पंधरा वर्षांची मुलगी ट्रिगर दाबण्याआधीच मनगट आवळायला लागते. हा सौदा मला परवडणारा वाटत नाही. सवय एकदा हातात बसली की ती काढायला कोचला महिने लागतात.

गुण जातात कुठे ते बघा. मॅच पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटीमीटर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त 1 मिलीमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी 31 मिलीमीटर बाजूला जाते. टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलीमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वलय 8 मिलीमीटर रुंदीचं. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढ्या चुकीत जवळपास चार गुण गेले. वेगातला 12 मीटरचा विस्कळीतपणा उभ्या रेषेत सुमारे 3 मिलीमीटरचा फरक पाडतो. तोही मी क्षुल्लक मानत नाही, म्हणूनच तो दुरुस्त केला. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे 0.8 मिलीमीटर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर 221.7 वर थांबली आणि पुढच्या फेरीची जागा 0.1 नं हुकली. तिचं पदक कांस्य राहिलं. एवढ्या बारीक मोजमापाच्या खेळात प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच सुटणं हवं. 165 आणि 148 मधला जोर टार्गेटला कळतसुद्धा नाही.

ट्रिगरबद्दल तुम्ही रागानं लिहिलं आहे, पण या बाबतीत मी मुलीच्या बाजूनं उभा आहे. 10 मीटर एअर पिस्तुलात ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे ट्रिगरला टांगलेलं तेवढं वजन तो न सुटता उचलला गेला पाहिजे. तुमचं पिस्तूल आलं तेव्हा 500 ग्रॅमचं वजन उचलत नव्हतं, ट्रिगर आधीच सुटत होता. घरी असा ट्रिगर गोड वाटतो. स्पर्धेत गोळ्या मारून झाल्यावर तपासणीला बोलावलं आणि वजन उचललं गेलं नाही, तर साठच्या साठ गोळ्यांचा निकाल रद्द. तिनं 570 मारले असले तरी रद्द. आम्ही 500 च्या किंचित वर सेट केला, कारण थंडी-उन्हात थोडा फरक पडतो. पहिले काही दिवस तो तिला जड वाटेल. भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर (गोळी न घालता ट्रिगर दाबायचा सराव) करू द्या, बोट शिकेल.

पार्टसाठी लागलेल्या वेळेचं: त्या मॉडेलचं सील आपल्याकडे तयार मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. बाजारातली त्याच मापाची दिसणारी ओ-रिंग घालून दुसऱ्या दिवशी पिस्तूल देता आलं असतं. 200 बारच्या हवेपुढे, आणि तेही एका मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, मी ते करणार नाही.

एक गोष्ट पैसे न खर्चता करता येते. तुम्ही पिस्तुलासोबत दिलेल्या पेलेट्सच्या दोन डब्यांपैकी एकातल्या टोकदार होत्या. कागदावर चपट्या तोंडाच्याच वापरा. त्या स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण नीट वाचता येतात. शिवाय पेलेटच्या डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51 असं बदलतं आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच मानवतं. पिस्तूल शिकंज्यात बांधून दोन-तीन मापांच्या दहा-दहा गोळ्या मारल्या की कळतं. स्क्रू आवळून जे मिळणार नाही ते यातून बरेचदा मिळतं.

माझी विनंती आहे की शनिवारी सकाळी मुलीला घेऊन या, तिच्या कोचना वेळ असेल तर त्यांनाही. पिस्तूल शिकंज्यात लावू, वेगाची पट्टी तुमच्यासमोर छापू, मग तिच्या हातात देऊन साइट जुळवू. याचे पैसे नाहीत. शिकंज्यातल्या दहा गोळ्यांचा गट आमच्या कामाआधीच्या कागदापेक्षा मोठा निघाला (तो कागद फाइलमध्ये आहे), तर बिलाची पूर्ण रक्कम तिथेच परत देईन. 165 वर मात्र नेऊन देणार नाही. दुसरं कुणी करून देईल, त्यांना अडवणारा मी कोण, पण तिचे कोच काय म्हणतात ते आधी विचारा.

येताना सिलिंडर भरून आणू नका. त्यावरच्या तारखेप्रमाणे त्याची दहा वर्षांची मुदत संपत आली आहे, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवीन लागणार असेल तर आत्ताच मागवू, म्हणजे पुढच्या निवड चाचणीआधी हातात येईल.