आलं न्हाई अजून

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्या दहावीच्या ग्रुपवर (१९८८ ची बॅच, सगळे पन्नाशी ओलांडलेले, निम्म्यांना शुगर) एकाने ग्यानी झैलसिंगांचा फोटो टाकला. खाली ‘देशाचे सर्वात लाचार राष्ट्रपती’ आणि शेजारी झाडूचं चित्र. त्यावर हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. आमच्या बॅचचे दोन हेडमास्तर आणि एक वकीलही त्या रांगेत.

झाडूचा किस्सा तुम्हाला माहीतच आहे. नेत्याने सांगितलं तर हातात झाडूही घेईन, अशा अर्थाचं ते इंदिराबाईंबद्दल बोलले होते. १९८२ ला राष्ट्रपती झाले आणि ते वाक्य जन्माचं चिकटलं. माणूस गेला १९९४ ला, वाक्य अजून जिवंत आहे. (झाडू मारणं ही हसायची गोष्ट आहे, हे आपल्याकडे इतकं गृहीत कसं धरतात, यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. आज नको, आधीच बीपी वाढलंय.)

मला राग आला तो माझ्या बापामुळे.

आमचे आण्णा पाटण तालुक्यात पोस्टमन होते. खात्याचे पक्के नव्हेत, ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. पगार नावाला, पेन्शन नाही, सायकल स्वतःची. सात वाड्यांचं टपाल खांद्यावर. आमच्या भागातल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, त्यामुळे आण्णांच्या पिशवीत परळ-लालबागच होतं म्हणा. मनीऑर्डर द्यायची, अंगठा घ्यायचा, पत्र वाचून दाखवायचं, जमलं तर तिथेच बसून उत्तर लिहून द्यायचं. कुणाचा नवरा काय लिहितो, कुणाला पैसे आले नाहीत, सगळं त्यांना ठाऊक. घरात त्यातला एक शब्द कधी बोलले नाहीत. आई चिडायची. “समद्या गावाचं ठावं, आन मला सांगाय काय हुतंय?”

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका मोठ्या घरातला धाकटा मुलगा मुंबईत वारला. त्याची बायको, आम्ही धाकली वैनी म्हणायचो, माहेरी गेली होती. त्याच वेळी मुंबईहून तिच्या भावाचं पत्र आलं, निळं आंतरदेशीय. नवऱ्याच्या फंडाच्या पैशाबद्दल काहीतरी असणार, हे थोरल्या दिराने ओळखलं होतं. तो रोज आण्णांची वाट अडवायचा. आमच्या गावच्या पोस्टाची पाटी त्याच्याच वाड्याच्या पडवीला होती, हे लक्षात घ्या. म्हणजे टपालाची थैली फुटायची ती त्याच्या डोळ्यादेखत.

“वैनीचं टपाल?”

“आलं न्हाई अजून.”

मी ते पत्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी. आठ-नऊ दिवस रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. मग एका संध्याकाळी ती एसटीतून उतरली आणि आण्णांनी फाट्यावरच, पावसात, छत्रीखाली उभं राहून तिला ते वाचून दाखवलं.

आता झैलसिंगांकडे येतो.

१९८६. राजीव गांधींचं सरकार, लोकसभेत चारशेच्या वर खासदार. टपाल कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. सरकारला लोकांची पत्रं अडवायला आणि फोडायला आणखी मोकळं रान. दोन्ही सभागृहांत मंजूर. उरली राष्ट्रपतींची सही. आणि तुमच्या या ‘लाचार’ माणसाने सही केली नाही. नाही म्हणाला नाही, परत पाठवलं नाही, भाषण ठोकलं नाही. ठेवून दिलं. जुलै १९८७ मध्ये मुदत संपली, घरी गेला, विधेयक तिथेच पडून. कायदा झालाच नाही.

माझी पुतणी एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या नोट्समध्ये हे एका ओळीत आहे. पॉकेट व्हेटो, १९८६, झैलसिंग, एक मार्क. तिला विचारलं, परत का नाही पाठवलं गं त्यांनी? तिने बरोबर सांगितलं. परत पाठवलं असतं तर संसदेने पुन्हा मंजूर केलं असतं आणि मग सही करावीच लागली असती. पण सही किती दिवसांत करायची हे घटनेच्या १११ व्या कलमात लिहिलेलंच नाही. त्या फटीत हा माणूस जाऊन बसला.

आलं न्हाई अजून!

चारशे खासदारवाल्याला हे सांगायला काय लागतं, ते पडवीत उभं राहून ज्याने सांगितलंय त्याला विचारा. बाणेदारपणा सगळ्यांना आवडतो. राजीनामा तोंडावर फेकला, टेबलावर मूठ आपटली, आपण टाळ्या वाजवतो. पण आण्णांनी मूठ आपटली असती तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर आणि पत्र दिराच्या हातात. शेंबडं पोरगं होतो तेव्हा मीही त्यांना भित्रा समजायचो. सरळ ‘देत न्हाई’ का म्हणत नाहीत? खोटं का बोलतात? शाळेत आम्हाला शिवाजी महाराज शिकवायचे आणि घरी बाप मान खाली घालून रोज तेच मिळमिळीत उत्तर द्यायचा. लाज वाटायची मला, खरंच.

बरं, वकील साहेबांनी ग्रुपवर लगेच मुद्दा काढला. राजीव गांधी त्यांना विचारत नव्हते, भेटायला येत नव्हते, माहिती देत नव्हते, म्हणून यांनी सूड उगवला. त्यात तत्त्व कसलं? असेल. राग असेलच. आण्णांचाही त्या थोरल्यावर जुना राग होता, बांधाचा. म्हणून ते पत्र दिराला दिलं असतं तर बरं झालं असतं का? आणि हो, १८९८ च्या जुन्या कायद्यातही पत्र अडवायची तरतूद होतीच, हेही वकील साहेबांनी सांगितलं. होती. तरी आणखी रुंद दार करायला सही मागितली आणि ती मिळाली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

गंमत बघा. १९८७ च्या मार्चमध्ये झैलसिंगांनी पंतप्रधानांना लिहिलेलं पत्रच वर्तमानपत्रात छापून आलं. दुसऱ्यांची पत्रं जपणाऱ्याचं स्वतःचं पत्र अख्ख्या देशाने चहाबरोबर वाचलं.

आणि ज्याला तुम्ही जन्मजात हुजऱ्या म्हणता तो फरीदकोट संस्थानात राजाविरुद्ध उभा राहिला म्हणून पाच वर्षं तुरुंगात होता. १९३८ साली. आपल्या ग्रुपमधल्या कुणी तलाठ्याविरुद्ध तरी अर्ज केलाय का आयुष्यात?

इथपर्यंत दुपारी एका दमात लिहिलं होतं. पोस्ट करणार, तेवढ्यात जेवायला हाक आली. जेवताना घास उतरेना. कारण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. दोन्ही गोष्टी अर्ध्याच.

झैलसिंगांना राष्ट्रपती केलं त्या निवडणुकीत समोर कोण होतं? न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांच्या खटल्यात पाचांपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने असताना एकटा उभा राहिलेला माणूस. तो हरला. पंजाबातल्या अतिरेक्यांचा म्होरक्या भिंद्रनवाले, त्याला सुरुवातीला मोठं करण्यात झैलसिंगांचा हात होता, असं पंजाबवर लिहिणारे कितीतरी जण सांगतात, ते मला खोडता येत नाही. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य गेलं तेव्हा तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती हेच होते, कागदावर. नंतर तिथे जाऊन आले. राजीनामा दिला नाही.

आणि ऑक्टोबरचा शेवटचा दिवस, मग नोव्हेंबर. इंदिराबाई गेल्या तेव्हा ते परदेशात होते, येमेनमध्ये. धावत परत आले, हॉस्पिटलकडे जाताना त्यांच्याच गाड्यांवर दगड पडले. देशाचा राष्ट्रपती शीख, आणि त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर शिखांच्या गळ्यात टायर घालून जाळत होते. सरकारी आकडा एकट्या दिल्लीचा २,७३३. लोक राष्ट्रपती भवनात फोन करत होते, वाचवा म्हणून. हतबल होते म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही. तीन दिवस! रस्त्यावर येऊन उभं राहायचं होतं. पगडी घालून, राष्ट्रपतीच्या गाडीतून, दिल्लीत कत्तल चालली होती त्या त्रिलोकपुरीत. मारलं असतं तर मारलं असतं. त्या दिवसांत ‘आलं न्हाई अजून’ चालत नाही.

ग्रुपवर हे कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण कुणीच लिहिलं नाही. सगळे झाडूवर हसत होते.

आता आण्णांची उरलेली गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी त्यांच्याबरोबर सायकलच्या दांडीवर बसून टपाल वाटायला गेलो होतो. त्या वाड्याशी पोचलो तर आतून आवाज येत होता. थोरला वैनीला मारत होता. फंडाच्या पैशाचं त्याला कळलं होतं, कसं ते देव जाणे. दार उघडंच होतं. आण्णा अंगणात उभे राहिले, खांद्यावर पिशवी, हातात तिच्याच सासूची मनीऑर्डर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सायकल वळवली. वाटभर बोलले नाहीत. मनीऑर्डर दुसऱ्या दिवशी दिली.

हेच आण्णा. तेच पत्र पिशवीत जपणारे.

शेवटच्या आजारपणात एकदा धीर करून विचारलं. पत्र तेवढं वाचवलंत, मग त्या दिवशी का परत फिरलात? बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, “पत्र व्हतं, पिशवीत मावलं. मानूस पिशवीत मावत न्हाई, बाबा.” आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पुढे विचारलं नाही. ते उत्तर होतं की सबब, आजही सांगता येत नाही मला.

राहिलं ते विधेयक. डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कायदा आला, जून २०२४ पासून लागू झाला. टपाल अडवायची तरतूद त्यात आहे, नवव्या कलमात. सही वेळेवर झाली. आपल्याकडे त्याची बातमी कुठल्या पानावर होती, कुणी वाचली का? म्हणाल, आता पत्रं लिहितंय कोण. बरोबर आहे. मीही हे मोबाईलवर लिहितोय, आणि हे आधी कोण कोण वाचतं, देवालाच ठाऊक.

आण्णांना झैलसिंगांच्या त्या न झालेल्या सहीबद्दल कधी कळलं होतं का, मला माहीत नाही. घरात रेडिओ होता, पण ते बातम्या लागल्या की झोपायचे.

धाकली वैनी आता मुलाकडे असते, घणसोलीला. गेल्या मे महिन्यात एका लग्नात भेटली. ऐंशीला टेकली असेल. मला त्या पत्राबद्दल विचारायचं होतं, अंगणातल्या त्या दिवसाबद्दलही. तिने आम्हाला दारात पाहिलं होतं का, हे खरं तर विचारायचं होतं. तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, “आण्णांची पिशवी हाय का रं अजून?”

आहे म्हटलं. माळ्यावर आहे.