‘तीच ती गाणी कशाला उगाळायची?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मैफलीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : “पंचवीस मिनिटं नुसत्या गिटारी भरकटतात. तीच गाणी रेकॉर्डवर नेटकी मिळत असताना जुन्या टेपा उगाळणं ही रसिकता नाही, भक्ती आहे. आणि कृपा करून याला ‘राग खुलवणं’ म्हणू नका.”

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो शंभर टक्के मान्य आहे. रागाची शिस्त या बँडच्या वादनात नव्हती. तो शब्द मी मागे घेतो. नातं आहे ते तालाकडून : त्यांचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडून शिकला, पुढे झाकीरभाईंबरोबर वर्षानुवर्षं वाजवत राहिला. अकरा मात्रांत बांधलेलं एक गाणंही त्यांच्याकडे होतं. पण तेवढ्यावरून त्याला राग म्हणणं चूकच.

रेकॉर्डचं म्हणणं मात्र मला पटत नाही. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ साली रेकॉर्डवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये, तेच २३ मिनिटं चाललं. यातलं ‘मूळ’ कोणतं? माझ्या मते रेकॉर्ड हा नुसता मुखडा होता, गाणं घडायचं ते मंचावर. आणि ८ मे १९७७ ला कॉर्नेलच्या बार्टन हॉलमध्ये ‘स्कार्लेट बिगोनियाज’ या गाण्यातून ते न थांबता ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरले, तेव्हा या दोन गाण्यांची जोडी जमून दोन महिनेही झाले नव्हते. दुसरं गाणं बँडच्या रेकॉर्डवर यायला १९७८ उजाडलं. नेटकं रेकॉर्ड सोडून लोक तिकडे गेले असं नाही हो, तेव्हा रेकॉर्ड होतंच कुठे?

भक्तीबद्दल. या बँडच्या चाहत्यांइतके चिकित्सक श्रोते मी कमी पाहिलेत. मायक्रोफोन उंच काठीला बांधून ते मैफली टेप करायचे, पैसे न घेता टेपांची देवाणघेवाण करायचे. १९८४ पासून बँडनेच त्यांना सभागृहात वेगळी जागा दिली. रात्रीशी रात्र ताडून पाहणारी ही माणसं. गायक-गिटारवादक जेरी गार्सिया कुठे शब्द विसरला, कुठे ठेका सैल पडला, सगळं तोंडपाठ. कॉर्नेलवरही त्यांच्यात कडाक्याचे वाद आहेत : बेटी कँटर-जॅक्सननं केलेलं ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ आहे म्हणूनच या रात्रीचा बोलबाला झाला, वादन त्याच महिन्यात इतरत्र अधिक चांगलं झालं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण अंधभक्त असे भांडत नाहीत.

आता एक विनंती. पूर्ण ऐकू नका. हेडफोन लावा आणि ‘स्कार्लेट’चे शब्द संपतात तिथून सुरू करा. गिटार सोडून द्या, फिल लेशची बास गिटार धरा. दुसऱ्या गाण्यात बासची एक छोटी ओळ गोल गोल फिरत राहते. ती नेमकी कधी सुरू झाली ते शोधा. ठेका थांबत नाही, कुणी इशारा देत नाही, आणि कधीतरी आपण दुसऱ्याच गाण्यात उभे असतो. मी हा सांधा कितीदा ऐकला असेन, तरी दर वेळी तो मला जरा वेगळ्या जागी सापडतो.

तुम्हाला कुठे सापडला, ते मिनिट-सेकंदासकट कळवा. आणि तरीही भरकटणंच ऐकू आलं, तर तेही लिहा.