फोटोतली पिसोरी आहे, कुरंग नव्हे

'मोल्याच्या रानातला जगातला सर्वांत छोटा कुरंग, अंगाच्या मानाने सर्वांत उंच उडी याचीच' असा फॉरवर्ड गोव्यात फिरतोय. (कुरंग म्हणजे काळवीट, चिंकाऱ्यासारखा प्राणी, इंग्रजीत अँटिलोप.) फोटो पिसोरीचा, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या छोट्या 'माउस डिअर'चा आहे! अंगावरचे पांढरे ठिपके-पट्टे नीट बघा. डोक्यावर शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे असतात. ती कुरंगही नव्हे आणि खरं हरीणही नव्हे. सर्वांत छोटा कुरंग पश्चिम आफ्रिकेत असतो, खांद्याशी जेमतेम २५ सेंटिमीटर.

आणि उडी? त्यात तर एक छोटा किडा पुढे आहे. पावसाळ्यात गवताच्या देठावर थुंकीसारखा फेस दिसतो ना, त्यात किड्याचं पिल्लू असतं. मोठं झालं की त्याला पंख फुटतात. युरोपातला असाच ६ मिलिमीटरचा किडा ७० सेंटिमीटर उंच झेपावतो, म्हणजे अंगाच्या शंभरपटीहून जास्त, तेही मागच्या पायांच्या झटक्यावर. तो फॉरवर्ड तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका.