चेसिस म्हणजे काय भाकरी आहे, कुठूनही चावा घ्यायला?

परत एक पिकअप आली. खालून बघितली आणि डोकंच फिरलं. मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या वर, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या खालच्या कडेला अर्धा चंद्र कापलेला, तोही गॅस कटरनं! वितळलेल्या लोखंडाचे थेंब तसेच लोंबतायत, ग्राइंडर फिरवायचेसुद्धा कष्ट नाहीत. कोपऱ्यातून बारीक तडा वर निघालाय. आणि मालक मला म्हणतो, "पात्रांव, चवथीआधी जरा दोन टाके मारून द्या."

दोन टाके! फाटकी पिशवी आहे का ती?

गाडी खाली बसवायची हौस तुमची. एक्सलवरचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, एक्सलखाली घेतले की गाडी खाली येते, एक्सल चेसिसच्या जवळ जातो आणि खड्ड्यात ठोकतो. मग जागा करायला खाच. बरं. पण ओझं पेलतात त्या चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या, मधला उभा पत्रा त्यांना नुसता लांब धरून ठेवतो. तुम्ही खालची पट्टीच उडवलीत, आणि वर हौद्यात चिरे भरता!

कापायला अक्कल लागत नाही हो. खरं काम त्यानंतरचं. खाचेच्या गोलाईत जाड पट्टी वाकवून बसवायची, म्हणजे तुटलेली कड पुन्हा सलग होते. बाजूला प्लेट मारायची, ती दोन्हीकडे शाबूत लोखंडावर चांगली पुढे न्यायची, टोकं तिरकी कापायची. सरळ कापून वरपासून खालपर्यंत वेल्ड ओढला की बरोब्बर त्याच रेषेत पुढचा तडा. हे सांगायला जावं तर उत्तर काय, "यूट्यूबवर अर्ध्या तासात करतात." व्हिडिओच अर्ध्या तासाचा असतो, बाबा!

त्यात आपला पाऊस. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये सुकवून वापरायचा असतो. दमट रॉडनं वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि वरून चकाचक दिसणारा सांधा मागाहून आतून चिरतो. आमचे स्वस्तवाले मात्र भर जुलैत, गळक्या पत्र्याखाली, उघड्या पुडक्यातला रॉड काढून ओढणार. प्लेटला वरून फट सोडणार, म्हणजे पाणी आत जाऊन बसायला मोकळं.

कागदांचं तर नावच नको. गाडीत केलेल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हटलं की "आरटीओत आपली ओळख आहे." असेल. चोर्ला घाटात चेसिस मोडली की त्या ओळखीलाच बोलवा ढकलायला.

मी दर सांगितला की तोंड वाकडं. "पलीकडचा निम्म्यात करतो." मग त्याच्याकडेच जा ना! त्यानं वेल्डिंग करताना बॅटरीची वायरही काढलेली नाही, आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मेलाय. तेही बिल त्यालाच द्या, माझ्या डोक्यावर नको.