दुर्बिणीने रेल्वे अडवली, असं म्हणण्याआधी

"एका दुर्बिणीपायी पुणे-नाशिक रेल्वे शिर्डीकडे वळवली. दुर्बीण हलवा, नाहीतर गाडी बोगद्यातून न्या." जुन्नर-संगमनेर भागात हा मजकूर घरोघरी पोचलाय. त्यामागचा संताप मला समजतो. संगमनेरला आजवर रेल्वे नाही, आणि नारायणगाव-मंचरच्या शेतमालाला ती हवीच आहे. पण मजकुरातला युक्तिवाद टिकत नाही.

"दुर्बीण हलवा." नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना पार २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्यात भोवतालच्या डोंगरांचा वाटा मोठा होता, कारण शहरांकडून येणारा रेडिओ गोंगाट ते अडवतात. खरा पेच इथेच आहे. ज्या डोंगरांनी ही शांतता राखली, तेच रेल्वेला खोऱ्यात रेटतात. ताशी २०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला घाटरस्त्याची वळणं चालत नाहीत. दीड-दोन किलोमीटर त्रिज्येचं वळण लागतं. त्यामुळे रेषा हवी तशी वाकवता येत नाही.

"हायवेवर हजारो मोबाइल चालतात, मग रेल्वेचंच वावडं का?" मोबाइल रेडिओ लहरींच्या ठरावीक वारंवारता-पट्ट्यांत बोलतो, ते पट्टे वगळता येतात. विजेच्या गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, म्हणजे पँटोग्राफ, २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो, ठिणग्या उडतात, आणि ठिणगीचा गोंगाट सगळ्याच पट्ट्यांत पसरतो. ही दुर्बीण जे शोधते त्यातला एक म्हणजे दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा संकेत, मुळात १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेचा. दीर्घिका जितकी दूर, तितकी इथे पोचेपर्यंत त्याची वारंवारता खाली उतरते. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला असा संकेत खोडदच्या अँटेनांनी टिपल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तो ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडला. पुढचा कुठे सापडेल, हे आधी ठाऊक नसतं. म्हणून सगळाच पट्टा शांत हवा.

"मग बोगदा करा." बोगद्यात लहरी अडतात, हे बरोबर. मूळ २३५ किलोमीटरच्या आराखड्यातही बोगदे होतेच, पण डोंगर आडवा येतो तिथे. खोडदच्या आसपास सपाट बागायत आहे. तिथे मैलोन्‌मैल जमिनीखालून जायचं तर खर्च कुठल्या कुठे जाईल. शिवाय आपल्या विहिरींना पाणी येतं ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून. त्या भेगा कापल्या तर कोणाची विहीर आटेल, हे आधी तपासायला नको का?

राहिलं "दुर्बीण आडवी आली" हे. ती गेल्या शतकात उभी राहिली, रेषा नंतर आखली गेली. जाब आखणीला विचारू या. खोडदपासून किती अंतरावर ठिणग्यांचा गोंगाट सोसवतो, मधला डोंगर त्यातला किती अडवतो, आणि तेवढं अंतर राखून संगमनेरला धरणारी रेषा निघते का? ही मोजणी नकाशांसह गावोगावच्या ग्रामसभांपुढे ठेवा, एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी.