लाल दिवा सायकललाही असतो

आज सकाळी आईला घेऊन अलका टॉकीजच्या चौकात रस्ता ओलांडत होतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला होता, गाड्या थांबल्या होत्या आणि आम्ही झेब्रा पट्ट्यांच्या मध्यावर आलो असताना दोन रिक्षांच्या फटीतून एक सायकलस्वार लाल दिवा तोडून सुसाट आला आणि आईच्या पदराला घासून निघून गेला. लागले काहीच नाही. पण तिने माझा दंड ज्या ताकदीने धरला, ती पकड मला अजून जाणवते आहे.

मी स्वतः तीस वर्षे पुण्यात सायकल चालवतो, म्हणूनच राग अधिक आहे. बस आपल्याला खेटून जाते, सायकल मार्गावर दुचाक्या उभ्या असतात, यावर आपण सगळे इतकी वर्षे बोलत आलो आणि झेब्रा पट्ट्यांवर आपल्याहून दुबळा माणूस दिसला की त्याच्याशी तसेच वागतो? सायकलला नंबर प्लेट नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातून चलन घरी येत नाही. एवढ्यावर आपली सभ्यता अवलंबून असेल, तर मला त्याची लाज वाटते.

हिरवा दिवा लागण्याआधी थोडे पुढे निघाले की मागच्या बसच्या तडाख्यातून सुटका होते, हे मान्य. मीही तसे केले आहे. पण समोर माणसे चालत असताना नाही.

आई ७८ वर्षांची आहे आणि रस्ता डोळ्यांपेक्षा कानांनी ओलांडते. बसचा, रिक्षाचा आवाज तिला दुरून कळतो. सायकलचा कळत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते आणि तेवढ्यात आईचे जेमतेम एक पाऊल पडते. तिने बाजूला व्हायचे तरी कसे?

पलीकडे पोहोचल्यावर ती म्हणाली, "मीच बघायला हवं होतं रे." सायकलस्वारावरचा राग तिथेच ओसरला आणि नुसते वाईट वाटत राहिले. हिरव्या दिव्यावर चालणाऱ्या बाईला स्वतःची चूक वाटावी, इतकी आपण तिला सवय लावली आहे.

२०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन झाला, तेव्हा ती हौसेने रस्त्याच्या मधोमध चालली होती. त्याच रस्त्याने मंडईला ती आजवर पायी जात आली. उद्या जायचे आहे, तर रिक्षा कर, असे तिने मघाशी मला सांगितले.